माळवदावरची माती

शेषेरावांची पोरगी नांदेडला विद्यापीठात दगडांचं शिकते, हे निलंग्याच्या बाजारात ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. बियाण्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, न्हाव्याकडे तोंडाला साबण लागलेला असताना, कुठूनही ते विषय तिथं आणून सोडत. लोक चेष्टा करत. दगडं फोडायला विद्यापीठ कशाला, आमच्या रानात ढिगानं पडलीत, वर हातोडाबी आमचाच देतो, म्हणत. शेषेराव रागवत नसत. "फोडायला न्हाई, वाचायला शिकती ती," एवढं म्हणून पुढं जात. हे वाक्य अयोध्येनंच पहिल्या वर्षी फोनवर त्यांना ऐकवलं होतं आणि त्यांनी ते आपलंच असल्यासारखं वापरायला घेतलं होतं.

अयोध्या त्यांची एकुलती एक, आणि तरी दुसरी. पहिली उज्वला. ती त्र्याण्णव सालच्या भूकंपात गेली, तीन वर्षांची असताना. शेषेरावांची आई तुळजाबाई नातीला कुशीत घेऊन झोपली होती, तीही गेली. त्या गावाला आता जुनं गाव म्हणतात. तिथं बाभळी माजल्यात आणि बाभळींखाली घरांचे ढीग आहेत. माणसं नव्या गावात राहतात, आखून दिलेल्या सरळ रस्त्यांवर, सिमेंटच्या छताखाली. अयोध्या नव्या गावात, भूकंपानंतर पुष्कळ वर्षांनी, आईच्या नवससायासानं झाली. तिच्यासाठी भूकंप म्हणजे सप्टेंबर संपताना शाळेत होणारा कार्यक्रम आणि उन्हात लांबलेली भाषणं.

घरात उज्वलेचा फोटो नव्हता. होता तो एक किस्सा. जुन्या घराला माळवद होतं: दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. ही माती गावठाणातली, चिकट. चोपून बसवली की पावसाला दाद देत नाही. दर वर्षी मिरगाच्या आधी प्रत्येक घर आपल्या माळवदावर तिचा नवा थर चढवी. जुना थर कोणी काढत नसे. बापानं टाकलेली माती कोण कशाला काढील? तर उज्वला दोन वर्षांची असताना त्या घराचा एक कोपरा गळायचा. अंथरुणावर ठिपके पडले की पोर उठून बसे, वर बघे आणि म्हणे, "दादा, घर मुतलं." शेषेरावांनी पुढच्या उन्हाळ्यात दुपारच्या दुपारी टोपल्यानं माती वर नेली, त्या कोपऱ्यावर तर दुप्पट टाकली आणि चोप-चोप चोपली. त्या पावसाळ्यात सगळं गाव गळलं, यांचा कोपरा कोरडा. "एक ठिपका पडू दिला न्हाई पोरीच्या अंगावर," शेषेराव दर पावसाळ्यात सांगत आणि सांगताना हसत. किस्सा तिथंच थांबे. पुढचं ते सांगत नसत आणि घरात कोणी विचारत नसे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. अयोध्येची खोलीतली मैत्रीण पुनम हदगावकडच्या विहिरींचं पाणी मोजायला निघाली. अयोध्येला मनिषा मॅडम म्हणाल्या, तू तर भूकंपाच्या गावची, तुझा विषय तुझ्या दारात पडलाय. अयोध्येला ते पटलं. तोवर तिनं काळ्या दगडाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या, लाव्हाचे थर मोजले होते, त्यात ती वर्गात पहिली होती. पण इथं खरं कोडं होतं. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि माणसं सकाळी उठून चहा पितात. मग आपल्याकडचीच एवढी का गेली?

मे महिन्यात ती नमुने घ्यायला जुन्या गावात गेली तेव्हा शेषेराव हट्टानं बरोबर आले. डोक्याला टॉवेल गुंडाळून, बाभळीचे काटे बाजूला सारत, हे अमक्याचं घर, ही तमक्याची भिंत, असं दाखवत ते तिला आपल्या ढिगापाशी घेऊन गेले. तिनं खुरप्यानं माती उकरायला सुरुवात केली. शेषेरावांनी खुरपं तिच्या हातून काढून बाजूला ठेवलं आणि स्वतः उकिडवे बसून दोन्ही हातांनी उकरू लागले. खुरपं घ्या की, ती म्हणाली. लोखंड नको इथं, ते म्हणाले. तिला वाटलं, नमुना बिघडू नये म्हणून म्हणतायत, आणि बापाच्या अकलेचं तिला कौतुक वाटलं. त्यांनी एक ढेकूळ काढून तिच्यापुढं धरलं.

"बघ, अजून कशी हाय. लोण्यावानी. ही माती थेंब गळू द्यायची न्हाई."

तिनं पिशवीवर जागा आणि तारीख लिहिली. पिशवी शेषेरावांनी खांद्यावर टाकून मोटारसायकलपर्यंत आणली.

नांदेडला प्रयोगशाळेत तिनं ती माती भांड्यात चोपून बसवली आणि वरून पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहिलं तर पाणी वर तसंच होतं, खालचं भांडं कोरडं. तिनं लगेच फोन लावला. दादा, तुमचं खरं निघालं, ती म्हणाली. मी काय खोटं सांगत होतो का, शेषेराव म्हणाले, पण आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. पुढचे कितीतरी दिवस निलंग्याच्या बाजाराला नवीन बातमी होती: शेषेरावांच्या माळवदाची माती विद्यापीठात पास झाली.

नंतर अयोध्येनं त्याच मातीचं वजन केलं. कोरडीचं केलं, ओलीचं केलं, पडक्या भिंतींवरून थरांची जाडी काढली, खोल्यांची लांबी-रुंदी घेतली. कोडं सुटलं. मॅडमनी तिचं काम सगळ्या वर्गाला दाखवलं.

सप्टेंबरात गावच्या शाळेचे मुख्याध्यापक व्यंकटी सर यांचा फोन आला. दरवर्षी बाहेरचा पाहुणा बोलावतो, यंदा आपल्या गावची लेक बोलू दे. अयोध्या दोन दिवस आधीच आली. शेषेरावांनी सदऱ्याला नीळ घालून घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला शेजारची जागा दाखवत राहिले, जणू लग्न त्यांच्या घरचं होतं.

अयोध्या छान बोलली. त्याबद्दल गावात आजही दुमत नाही. तिनं पडद्यावर माळवदाचं चित्र दाखवलं, एकावर एक मातीचे थर, प्रत्येक थर एकेका मिरगाचा. माणसं भूकंपानं मेली नाहीत, ती म्हणाली, माणसं घरानं मेली. आपल्या एकेका खोलीच्या डोक्यावर उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्यांचं वजन होतं, आणि खाली दगडांना धरून ठेवायला नुसता चिखल. दर वर्षी आपण त्या वजनात भर घातली, आपल्याच हातांनी. मग तिला वाटलं, उदाहरण दिलं की लोकांना नीट कळेल. "आमचंच घर घ्या," ती म्हणाली. "एक कोपरा गळत होता म्हणून आमच्या दादांनी त्या वर्षी तिथं दुप्पट माती टाकली. अशी घराघरात टाकली गेली."

मंडपात एकदम शांतता झाली. अयोध्येला वाटलं, लोक मन लावून ऐकतायत. ती आणखी उमेदीनं पुढं बोलली. शेवटी टाळ्या झाल्या, शाल झाली, नारळ झाला. शेषेरावांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर, आणि थोडा वेळ वाजवतच राहिले.

घरी जेवताना त्यांनी एकच विचारलं. "ती माती वली असली म्हंजी, जास्ती जड होती का?"

हुशार विद्यार्थिनीला प्रश्न आवडला. होते की, ती म्हणाली, पाणी खाली जात नाही म्हणजे मातीतच राहतं, आणि तो सप्टेंबर भर पावसाचा होता. हाव का, शेषेराव म्हणाले. अर्ध्या भाकरीवरच ताट सरकवून ते हात धुवायला उठले आणि तसेच बाहेर गेले. गोठ्यातल्या म्हशीला पाणी दाखवायची वेळ अजून झाली नव्हती.

नागाबाईंनी, अयोध्येच्या आईनं, ताट उचललं. ही बाई फार कमी बोले. भूकंपाच्या रात्री ती माहेरी अहमदपूरकडं होती, बाप आजारी होता म्हणून. गणपती बुडवताना बघायचाय म्हणून पोर आजीजवळ राहिली. शेषेराव विसर्जनाहून आले ते देवळाच्या ओट्यावरच मित्रांबरोबर झोपले. कोण कुठं झोपलं, यावर कोण राहिलं आणि कोण गेलं हे ठरलं होतं. नागाबाईंनी हे कधी उगाळलं नाही. पण त्या दिवशी त्या ताट हातात घेऊन लेकीपुढं उभ्या राहिल्या.

"तुला कळलं का, तू काय बोललीस?"

अयोध्येनं वर पाहिलं.

"तुझ्या बापानं इतकी वर्सं देवाला बोल लावला. शिव्या दिल्या, देवळात पाय ठेवला न्हाई. पर त्याच्यावरच माणूस उभा व्हता. आज तू देवाला सोडवलंस. आता त्यानं कोणाला बोल लावायचा?"

अयोध्येला काय ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. माती कोणी टाकली, कोणत्या कोपऱ्यावर टाकली, त्या कोपऱ्यात कोण झोपलं होतं. पण एक गोष्ट घरची होती आणि एक अभ्यासाची, आणि दोन्ही तिच्या डोक्यात वेगवेगळ्या फडताळांत ठेवलेल्या होत्या. शिकलेल्या माणसाचं असं होतं. त्याला दगडाचं वय सांगता येतं आणि समोर बसलेल्या बापाचा चेहरा दिसत नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूसुद्धा फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सावरायचा प्रयत्न केला. गोठ्यात जाऊन ती बापाला सांगू लागली, की भिंतीच कच्च्या होत्या, की शेजाऱ्यांची घरंही पडली, की तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. शेषेराव शेण भरता भरता ऐकत होते. प्रत्येक वाक्याला हाव म्हणत होते. बस चुकंल तुझी, शेवटी ते म्हणाले, आणि तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आले.

नांदेडला परतल्यावर फोन छोटे होत गेले. जेवलीस का, हाव, ठेवतो. पूर्वी ते विचारायचे, आज कोणता दगड वाचलास. आता विचारत नव्हते. मग दिवाळीच्या आधी नागाबाईंनी शेजारणीच्या फोनवरून सांगितलं, तुझ्या बापानं छतावरची पाण्याची टाकी खाली काढली. का काढली? नागाबाई म्हणाल्या, मला काय सांगत्यात? तू येऊन बघ.

त्या दिवसांत अयोध्येनं एक हिशेब मांडला. तो प्रकल्पात नव्हता, मॅडमनी सांगितलेला नव्हता. त्या वर्षीची माती टाकलीच नसती तर कोपरा टिकला असता का? भिंतीची ताकद थोडी जास्त धरली की उत्तर येई, टिकला असता. थोडी कमी धरली की येई, पडला असता. तिनं पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. अखेर मॅडमना विचारलं, कोणाचं घर ते न सांगता. मॅडम म्हणाल्या, प्रामाणिक उत्तर एकच, सांगता येत नाही. अयोध्येनं मान हलवली आणि प्रामाणिक उत्तर नांदेडलाच ठेवून जायचं ठरवलं.

अहमदपूर, लातूर, निलंगा अशा बदलत्या बसांनी ती दुपार टळता गावात पोचली. दारात टाकी उभी होती आणि नागाबाई तिच्यातून बादली भरून मोरीकडं नेत होत्या. अंगणात तुराट्यांच्या पेंढ्या, कांद्याचा ढीग, जुनं लाकूड, फुटका कूलर, कडब्याच्या गंजीतला उरलेला कडबा, जे जे म्हणून छतावर असायचं ते सगळं खाली येऊन पडलं होतं. चालायला जागा नव्हती. दारासमोरच्या आळीत लोक येता-जाता बघत होते. कोणी काही बोलत नव्हतं. एरवी साध्या गोष्टीवरून चेष्टा करणारं ते गाव, पण त्या गावात या गोष्टीला हसणारा माणूस नव्हता.

शेषेराव कुठायत, हे विचारावं लागलं नाही. वरून खराट्याचा आवाज येत होता.

रोज सकाळी झाडत्यात, नागाबाई म्हणाल्या, आता दुपारी पण झाडायलेत. रस्त्याची धूळ उडून बसती म्हणं. पाय घसरंल, खाली या म्हणलं तर ऐकत न्हाईत.

अयोध्या शिडीनं वर गेली. सिमेंटचं छत धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं. शेषेराव वाकून कडेकडेनं खराटा फिरवत होते आणि जमा झालेली धूळ हातानं टोपल्यात भरत होते. तिला बघून ते सरळ झाले, आलीस का म्हणाले, बस कशी मिळाली विचारलं. मग पुन्हा वाकले. या छताला टाकीचं काही होत नसतं, त्यात लोखंड आहे, हे जिथं शिकवतात तिथूनच ती आली होती. पण तो विषय तिनं काढला नाही. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"दादा, मी हिशेब केला," ती म्हणाली. "आपल्या घराचा."

खराटा थांबला.

"त्या वर्षीची माती टाकली नसती, तरीबी कोपरा पडलाच असता."

शेषेरावांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जे आलं ते बघून अयोध्येला वाटलं, जमलं. आयुष्यात तिनं बापाला सांगितलेली ही पहिली खोटी गोष्ट होती आणि तिला तिचं जराही वाईट वाटत नव्हतं.

"मोजलंस तू?"

"मोजलं."

"पडलाच असता," ते म्हणाले. "हाव. आख्खं गाव पडलं, आपलं कसं राहील." टोपल्यातली धूळ त्यांनी बोटांनी एका बाजूला सारली. मग इतक्या हळू बोलले की तिला पुढं वाकावं लागलं.

"पर मी उकरत होतो ना, माय. फटफटायच्या आधीपासून. कुदळ कशी मारायची, खाली लेकरू. हातानंच उकरत होतो. आत आवाज होता तिचा. दादा म्हणायली, दादा म्हणायली. माती सरता सरंना." त्यांनी आपले हात पालथे केले, सुलटे केले. "मग आवाज बंद झाला. त्याच्यानंतर लई वेळानं हात लागला. पडलाच असता तो कोपरा. पर दोन टोपले माती कमी असती, तर हात लवकर पोचला असता."

याचं उत्तर अयोध्येनं मांडलेल्या कुठल्या हिशेबात नव्हतं, आणि यासाठी खोटंही तयार करून आणलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत जो किस्सा कोरड्या कोपऱ्यावर थांबत होता, त्याचं पुढचं तिला आज ऐकायला मिळालं होतं. मे महिन्यात त्याच ढिगावर, त्याच हातांनी, या माणसानं तिला मातीचा नमुना काढून दिला होता आणि ती त्यावर तारीख घालत होती. तिला बापाला मिठी मारावीशी वाटली, पण त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती.

शेषेरावांनी खराटा उचलला आणि उरलेला कोपरा झाडायला घेतला. अयोध्येनं ओढणी कमरेला खोचली. ती दोन्ही हातांनी धूळ टोपल्यात भरू लागली. भरून झाल्यावर तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि एका हातानं शिडी धरून पायरी पायरीनं खाली उतरली.

"घराजवळ टाकू नको," वरून ते म्हणाले. "लांब टाक."

नागाबाई बादली खाली ठेवून बघत राहिल्या. टोपल्यात जेमतेम तळ झाकेल एवढी धूळ होती. अयोध्या ती डोक्यावर घेऊन आळीतून, शाळेवरून, वस्ती संपेपर्यंत चालत गेली.